नृत्य : व्याधी आणि उपचार — आपुलियातील तारांतिझमपासून रुग्णालयीन नृत्योपचारापर्यंत

१

नृत्याने रोग्यास आराम पडतो ही समजूत फार जुनी आहे. परंतु समजूत जुनी असली म्हणजे तिचा इतिहास सुसंगत असतोच असे नाही. नृत्योपचारावरील पुष्कळशा लेखनाच्या आरंभी आदिम समाजांतील विधींचा, ग्रीकांच्या दायोनिससपूजेचा आणि मध्ययुगीन यात्रांचा ओझरता उल्लेख येतो, आणि तेथून लेखक एका उडीत विसाव्या शतकातील रुग्णालयात जाऊन पोहोचतो. वाचकाच्या मनावर अखंड परंपरेचा ठसा उमटतो. मात्र मधल्या काळातील कागदपत्रे पाहू लागले म्हणजे वेगळेच चित्र दिसते. एकाच प्रकारच्या अंगविक्षेपांना एका शतकात व्याधी म्हटले गेले, तर दुसऱ्या शतकात औषध. एकाच प्रदेशात, एकाच वर्षी, एकाच स्त्रीच्या नृत्यास वैद्याने विषाचे लक्षण ठरविले, वादकाने विषावरील उतारा मानले आणि धर्मगुरूने संताचा कोप समजून तिला देवळात पाठविले.

नृत्य व्याधी आहे की उपचार, हे नृत्याच्या स्वरूपावरून फारसे ठरलेले नाही. पाहणाराने रोगाविषयी जी उपपत्ती आधीच स्वीकारलेली असे तिच्यावरून ते बहुधा ठरले. या विधानाची परीक्षा करण्यास युरोपच्या इतिहासातील दोन प्रकरणे विशेष उपयोगी आहेत : १५१८ मधील स्ट्रासबुर्गचा नृत्योन्माद, आणि दक्षिण इटलीतील आपुलिया प्रांतात काही शतके टिकून राहिलेला तारांतिझम. यांपैकी दुसऱ्या प्रकरणाचे कागदपत्र अधिक विपुल आहेत, व त्याची १९५९ मध्ये प्रत्यक्ष क्षेत्रात जाऊन तपासणीही झालेली आहे. म्हणून प्रस्तुत विवेचनाचा मुख्य भाग त्यासच दिला आहे.

२

१५१८ च्या जुलै महिन्यात स्ट्रासबुर्ग शहरातील एक स्त्री रस्त्यावर नाचू लागली. बखरींत तिचे नाव फ्राउ ट्रोफेआ असे दिले आहे. ती अनेक दिवस नाचत राहिली. आठवड्याभरात तिला तीस-चाळीस माणसे येऊन मिळाली, आणि महिन्याच्या आत ही संख्या चारशेपर्यंत गेली असे तत्कालीन वृत्तांतांवरून दिसते. पाय सुजून रक्ताळले तरी या लोकांस थांबता येत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यांवर आनंदाची छटा नव्हती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

नगरपरिषदेने वैद्यांचा सल्ला घेतला. ग्रहांचा किंवा दैवी कोपाचा संबंध नाकारून, हा रक्तातील उष्णतेने होणारा नैसर्गिक रोग आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. त्यावरून उपाय निघाला तो असा की, रोग्यांनी मनसोक्त नाचून ती उष्णता संपवून टाकावी. परिषदेने कारागीरसंघांची सभागृहे मोकळी करून दिली, बाजारात मंच उभारला, वाजंत्री भाड्याने आणले आणि थकून पडणाऱ्यांस सावरून धरण्यासाठी दणकट माणसे नेमली. सरकारी खर्चाने नृत्याचा औषध म्हणून केलेला हा प्रयोग सपशेल फसला. पाहण्यास आलेले लोकही नाचू लागले. तेव्हा परिषदेने आपले मत उलटे केले. सार्वजनिक वाद्ये व नाच यांवर बंदी आली, आणि रोग्यांना साव्हेर्नजवळील संत व्हायटसच्या स्थानी पाठविण्यात आले. त्यानंतर साथ ओसरली.

पुढे काही वर्षांनी, १५२६ मध्ये, पॅरासेल्सस स्ट्रासबुर्गला आला. संतांच्या कोपाची कल्पना त्याने धुडकावून लावली. परंतु त्या जागी त्याने जी कारणमीमांसा बसविली ती रोग्यांस अधिक अनुकूल होती असे नाही. फ्राउ ट्रोफेआ नवऱ्यास त्रास देण्यासाठी नाचू लागली आणि इतर स्त्रियांनी तिचे अनुकरण केले, असे त्याचे म्हणणे. म्हणून एकांतवास, उपवास आणि थंड पाणी असे शिक्षेच्या जातीचे उपाय त्याने सुचविले. दैवी कारण जाऊन मानसिक कारण आले की उपचार आपोआप मानवी होतो, अशी समजूत करून घेण्यास इतिहासात आधार नाही, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

या साथीचे कारण अर्गट या बुरशीने दूषित झालेल्या धान्यात शोधण्याचा प्रयत्न विसाव्या शतकात झाला. परंतु अर्गटच्या विषबाधेने आकडी येते व हातापायांचा रक्तप्रवाह खुंटतो. अशा अवस्थेत दिवसचे दिवस नाचणे शक्य नाही. इतिहासकार जॉन वॉलर यांनी २००८ मधील आपल्या ग्रंथात दुष्काळ, रोगराई व संत व्हायटसच्या शापावरील दृढ श्रद्धा यांच्या संयोगाकडे लक्ष वेधले आहे. असह्य ताणाखाली माणसाची शुद्ध हरपते; पण शुद्ध हरपल्यावर तो काय करील हे त्याच्या समाजातील श्रद्धा ठरविते, असा त्या प्रतिपादनाचा गाभा आहे.

संत व्हायटसचे नाव मात्र वैद्यकात निराळ्याच मार्गाने टिकून राहिले. १६८६ मध्ये इंग्लिश वैद्य टॉमस सिडनहॅम याने मुलांना होणाऱ्या एका आक्षेपयुक्त विकाराचे वर्णन करताना हेच नाव वापरले. घशातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गानंतर होणारा तो विकार सिडनहॅमचा कोरिया म्हणून आज ओळखला जातो. त्याचा १५१८ च्या घटनेशी संबंध नाही. नाव एक, व्याधी दोन : नृत्य आणि रोग यांच्या इतिहासात असे घोटाळे वारंवार आढळतात.

३

इटलीच्या दक्षिण टोकास आपुलिया हा उष्ण, शेतीप्रधान प्रांत आहे. तेथील तारांतो या शहराच्या नावावरून एका मोठ्या, केसाळ कोळ्यास तारांतुला हे नाव पडले, आणि त्याच्या दंशाने होणारा मानला जाणारा विकार तारांतिझम म्हणून ओळखला जाऊ लागला. लक्षणे साधारणतः अशी सांगितली जात : उन्हाळ्यात, विशेषतः पिकाच्या कापणीच्या दिवसांत, रोग्यास एकाएकी ग्लानी येई, अंग जड होई, छातीत कळा येत, विलक्षण उदासीनता वा अस्वस्थता त्यास ग्रासून टाकी. औषधांचा उपयोग होत नसे. वादकांस बोलावून योग्य सूर सापडला म्हणजे रोगी उठून नाचू लागे, व काही दिवस नाचल्यावर बरा होई. पुढील वर्षी उन्हाळा आला की विकार पुन्हा उद्भवे.

सतराव्या शतकातील विद्वानांनी या विषयावर बरेच लिहिले. मेसान्ये येथील वैद्य एपिफानिओ फेर्दिनांदो याने १६२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शंभर रोगवृत्तांच्या संग्रहात तारांतिझमचा समावेश आहे. तो त्याच भागात वैद्यकी करीत असल्यामुळे त्याच्या लेखनास प्रत्यक्ष परिचयाचे मोल आहे. त्यानंतर वीस वर्षांनी, १६४१ मध्ये, रोममधील जेझुइट पंडित आथानासिउस किर्शर याने चुंबकशक्तीवरील आपल्या प्रचंड ग्रंथात या उपचारास स्थान दिले. त्याच्या मते विश्वातील सर्व आकर्षणे एकाच तत्त्वाची रूपे होत. वाद्यांच्या कंपनांनी हवा हलते, हवेने शरीरातील द्रव हलतात, त्यामुळे विष जागे होते, रोग्यास नाचण्याची ओढ लागते आणि घामावाटे विष बाहेर पडते. कोळ्याची प्रकृती, रोग्याची प्रकृती आणि सूर यांचा मेळ बसला तरच गुण येतो, असे त्याचे प्रतिपादन होते. या उपचारासाठी वाजविल्या जाणाऱ्या काही सुरावटीही त्याने लिपिबद्ध करून छापल्या. या संगीताच्या आरंभीच्या लेखी नोंदींमध्ये त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

किर्शरची उपपत्ती आज टिकणारी नाही; तथापि तिच्यातील एक निरीक्षण बाजूला टाकण्याजोगे नाही. कोणत्याही संगीताने काम भागत नाही, विशिष्ट रोग्यास विशिष्ट सूरच लागतो, हे त्याने नोंदविले. वादक एकामागून एक सुरावटी वाजवून पाहत आणि रोगी कोणत्या सुरास हलतो याकडे लक्ष ठेवीत. विविध रंगांच्या फिती व वस्त्रे समोर धरून कोणत्या रंगाकडे रोगी झेपावतो हेही पाहिले जाई. ही एक प्रकारची निदानपद्धती होती, आणि ती वैद्यांच्या हाती नसून वादकांच्या हाती होती.

शतकाच्या अखेरीस जॉर्जिओ बाल्यिवी याने हा विषय हाती घेतला. राग्युसा येथे १६६८ मध्ये जन्मलेला हा वैद्य लेच्चे येथील एका वैद्याच्या घरी दत्तक म्हणून वाढला, त्यामुळे आपुलिया त्यास परकी नव्हती. कोळ्याच्या विषावर त्याचा विश्वास होता. पण सर्वच रोगी खरोखर दंश झालेले असतात असे तो मानीत नसे. एकाकीपणाने, प्रेमातील निराशेने किंवा इतर दुःखांनी पिडलेल्या स्त्रिया दंशाचे निमित्त करून नृत्यात सामील होतात, आणि म्हणून या प्रकारास लोक स्त्रियांचा छोटा कार्निव्हल म्हणतात, अशी नोंद त्याने करून ठेवली. बाल्यिवीच्या दृष्टीने ही खऱ्या रोगातील भेसळ होती. पुढील संशोधनाने हीच भेसळ मुख्य वस्तू होती असे दाखविले.

संशयवाद्यांचाही अभाव नव्हता. १६९३ च्या ऑगस्टमध्ये नेपल्समधील क्लारिझिओ नावाच्या वैद्याने साक्षीदारांसमक्ष दोन तारांतुलांकडून स्वतःस दंश करवून घेतला. हात किंचित सुजण्यापलीकडे काही झाले नाही. पक्षाच्या समर्थकांचे उत्तर तयार होते : कोळी केवळ आपुलियाच्या उन्हातच विषारी असतो. १७४२ मध्ये नेपल्सचा वैद्य फ्रांचेस्को सेराओ याने तारांतुलेवर व्याख्यानरूप ग्रंथ प्रसिद्ध करून, विकाराचे मूळ कोळ्यात नसून आपुलियातील लोकांच्या प्रकृतीत व रूढीत आहे असे प्रतिपादिले. यामुळे विद्वानांच्या दृष्टीने प्रश्न मिटला. विष नाही म्हणून रोग नाही, रोग नाही म्हणून उपचार नाही. उरले ते अज्ञान, ढोंग किंवा वेड. मात्र विद्वानांचा प्रश्न मिटला तरी आपुलियातील स्त्रिया पुढे दोन शतके नाचतच राहिल्या. सेराओचा निष्कर्ष कोळ्यापुरता बरोबर होता. नाचणाऱ्या स्त्रीविषयी त्याने काही सांगितले नाही.

४

वैद्यकेतिहासकार हेन्री सिगरिस्ट यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या प्रकरणास निराळे वळण दिले. दक्षिण इटली ही प्राचीन काळी ग्रीक वसाहतींची भूमी होती. तेथील उन्मत्त नृत्यविधी ख्रिस्ती धर्मास मान्य होण्याजोगे नव्हते. परंतु नाचणारा माणूस पापी नसून कोळ्याच्या विषाचा बळी आहे असे ठरले, की तेच नृत्य निर्दोष झाले; रोग ही जुन्या विधीस मिळालेली सवलत ठरली. प्राचीन विधींशी थेट सातत्य सिद्ध करणे अवघड आहे, हा या मतावरील आक्षेप रास्त आहे. तरीही व्याधीचे नाव मिळणे म्हणजे एखाद्या वर्तनास परवाना मिळणे होय, ही त्यातील दृष्टी मोलाची आहे.

या दृष्टीस प्रत्यक्ष क्षेत्रकार्याची जोड १९५९ मध्ये मिळाली. इटालियन धर्मेतिहासकार एर्नेस्तो दे मार्तिनो यांनी त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आपुलियातील सालेन्तो भागात एक तुकडी नेली. तीत मनोविकारतज्ज्ञ जोव्हान्नी येर्व्हिस, लोकसंगीताचे अभ्यासक दिएगो कार्पितेल्ला, छायाचित्रकार फ्रांको पिन्ना व इतर सहकारी होते. एका विधीच्या अभ्यासासाठी वैद्यक, मानसशास्त्र, संगीत व इतिहास यांचे जाणकार एकत्र जाणे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. या पाहणीवर आधारलेला दे मार्तिनो यांचा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातील इटालियन शब्दाचा अर्थ पश्चात्ताप असा आहे. शिवाय पुन्हा झालेला दंश असाही अर्थ त्यातून निघतो. ग्रंथाचा सिद्धांत या श्लेषात साठविलेला आहे.

तुकडीने पाहिलेला घरगुती विधी असा होता. खोलीतील सामान हलवून जमिनीवर पांढरी चादर अंथरीत. पीडित स्त्री तिच्यावर पडून राही. व्हायोलिन, डफ, गिटार, अकॉर्डियन यांसारखी वाद्ये घेऊन वादक भोवती बसत. त्यांतील प्रमुख व्हायोलिनवादक लुइजी स्तिफानी हे नार्दो गावचे, आणि व्यवसायाने न्हावी होते. संगीत सुरू होताच स्त्री प्रथम जमिनीवर पाठीने सरपटत कोळ्याचे अनुकरण करी. मग उठून चादरीच्या कडेने फेऱ्या घेत नाचे. शेवटी कोसळून पडे. थोड्या विश्रांतीनंतर हे चक्र पुन्हा सुरू होई. संत पॉलने कृपा केली असे तिने सांगेपर्यंत, कधी दिवसभर तर कधी अनेक दिवस, हा क्रम चाले. वादकांचे मानधन द्यावे लागे, आणि मजुरी करणाऱ्या घरास तो भार जड जाई. त्यानंतर २९ जून रोजी, संत पीटर व संत पॉल यांच्या उत्सवास, गलातिना येथील संत पॉलच्या लहान देवळात आभार मानण्यासाठी जावयाचे असे.

या पाहणीतून काही गोष्टी निश्चित झाल्या. पीडितांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते, आणि त्या बहुतेक गरीब शेतकरी वर्गातील होत्या. पहिला दंश बहुधा वयात येण्याच्या सुमारास झालेला असे. कोळी मात्र वर्षातून एकदा, ठराविक दिवसांतच पुन्हा चावे. गलातिना शहराच्या हद्दीत संताच्या कृपेने दंश होत नाही अशी श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेप्रमाणेच रोग वागत होता. शहराची हद्द ओळखणारे, पंचांग पाळणारे व स्त्री-पुरुष भेद करणारे विष जीवशास्त्रात बसत नाही. त्या प्रदेशात खरोखर विषारी असा एक काळा कोळीही आहे व त्याचा दंश शेतात काम करणारांस होतो. विधीची प्रतिमा त्या अनुभवावरून घेतली गेली असावी. परंतु विधी त्या दंशाचा उपचार नव्हता. मागे उलगडून पाहता स्त्रियांच्या वृत्तांतांत नकोसा विवाह, तोडावे लागलेले प्रेम, जवळच्या माणसाचा मृत्यू, अशा घटना सापडत.

मग हा मनोविकार होता काय? दे मार्तिनो यांचे उत्तर नकारार्थी आहे, आणि नृत्योपचाराच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. त्यांच्या मते दुःखाचा उद्रेक हा एक भाग, आणि नृत्य, सूर, रंग व उत्सव यांनी त्याला दिलेला आकार हा दुसरा भाग. ज्या दुःखास बोलण्याची जागा नव्हती त्यास कोळ्याचे रूप मिळाले. ज्याचा काळ अनिश्चित होता त्यास जून महिना मिळाला. जे एकटीने सोसावयाचे होते त्यात वादक, नातलग व शेजारी सहभागी झाले. नृत्याने दुःखाचे कारण नाहीसे होत नसे, म्हणून दरवर्षी दंशही परतत असे. मात्र दोन उन्हाळ्यांमधील अकरा महिने ती स्त्री घर आणि शेत सांभाळू शके.

या निष्कर्षास देवळाच्या निरीक्षणाने बळकटी येते. घरी संगीत होते. गलातिनाच्या देवळात ते नव्हते. चर्चने संत पॉलचा संबंध जोडून विधी आपल्या कक्षेत घेतला, परंतु वाद्ये बाहेर ठेवली. त्यामुळे देवळात पोहोचलेल्या स्त्रियांचे चक्र विस्कळित झालेले तुकडीस दिसले : किंकाळ्या, धावाधाव, वेदीवर चढणे, निश्चेष्ट पडणे, पण क्रम नाही आणि शेवटही नाही. तीच श्रद्धा, तोच संत, बहुधा त्याच स्त्रिया. वजा केले होते ते केवळ संगीत व सुसूत्र नृत्य. नियंत्रित प्रयोगाची काटेकोरता या तुलनेस अर्थातच नाही. तरी नृत्याचे कार्य उन्माद निर्माण करणे हे नसून उन्मादाला वळण लावणे हे होते, असे मानण्यास ही तुलना सबळ आधार देते. स्ट्रासबुर्गच्या नगरपरिषदेस वाजंत्री व मंच मिळाले होते, परंतु ही वळण लावणारी, रोग्यानुरूप सूर शोधणारी आणि शेवट ठाऊक असलेली रचना तिच्याजवळ नव्हती.

५

रुग्णालयातील नृत्योपचाराचा आरंभ या परंपरेतून झालेला नाही. वॉशिंग्टन येथील नर्तकी मॅरियन चेस यांच्या वर्गात येणारे काही विद्यार्थी कौशल्यापेक्षा मनाच्या स्वास्थ्यासाठी नाचतात, असे त्यांच्या ध्यानात आले, आणि १९४२ मध्ये तेथील सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात त्यांनी कामास आरंभ केला. युद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे अशी रुग्णालये त्या काळी गजबजलेली होती, आणि मनोविकारांवरील आधुनिक औषधांचा उदय व्हावयास आणखी दशकभर अवकाश होता. ज्यांच्याशी संभाषण शक्य नाही अशा रोग्यांच्या हालचाली स्वतःच्या शरीराने प्रतिबिंबित करून त्यांच्याशी संबंध जोडणे, वर्तुळ करून सामायिक ताल निर्माण करणे, ही चेस यांची पद्धती होती. १९६६ मध्ये अमेरिकन नृत्योपचार संघटना स्थापन झाली आणि त्या तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. आपुलियाशी ऐतिहासिक संबंध नसतानाही, रोग्याला कोणता ताल हलवितो हे शोधण्यापासून आरंभ करणे, हे दोहोंतील साम्य नजरेत भरते.

दुसरी शाखा मेंदूच्या विकारांची आहे. जेम्स पार्किन्सन याने १८१७ मध्ये वर्णिलेल्या कंपवातात रोग्याचे स्नायू शाबूत असतात, पण आपण होऊन हालचाल सुरू करण्याची व तिचा वेग राखण्याची शक्ती क्षीण होते. चालता चालता पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. ठेक्याने किंवा जमिनीवरील आडव्या रेघांनी अशा रोग्याची पावले सुटी होतात, हे निरीक्षण विसाव्या शतकात प्रयोगांनी दृढ झाले. मेंदूच्या तळभागातील केंद्रांनी आतून पुरवावयाचा काल बाहेरील ताल पुरवितो, अशी त्याची उपपत्ती आहे. किर्शरच्या कंपनांपेक्षा ही उपपत्ती निराळी, कारण ती तपासता येते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ पासून पार्किन्सनग्रस्तांसाठी वर्ग चालविले, आणि पुण्यातही ऋषिकेश पवार यांनी अशा रुग्णांसाठी समकालीन नृत्याचे वर्ग घेतले. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात मॅडेलिन हॅकनी व गॅमन एर्हार्ट यांनी टँगो नृत्याची परीक्षा केली. २००९ मधील त्यांच्या अभ्यासात ५८ रुग्ण होते व नृत्य करणारांचा तोल सुधारला. २०१२ मधील अभ्यासात ६२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने विभागणी करून एका गटास वर्षभर आठवड्यातून दोनदा टँगो शिकविला, व त्या गटाची हालचाल दुसऱ्या गटाहून चांगली राहिली. टँगोतील थांबणे, वळणे, मागे पाऊल टाकणे या क्रिया नेमक्या पार्किन्सनग्रस्तास कठीण जाणाऱ्या क्रिया आहेत, हे येथे सूचक आहे.

मनोविकारांच्या बाबतीत पुरावा इतका स्पष्ट नाही. विषण्णतेवरील नृत्योपचाराचा पद्धतशीर आढावा २०१५ मध्ये कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला, तेव्हा निकषांत बसणारे केवळ तीन अभ्यास सापडले. त्यांतील रुग्णांची एकूण संख्या १४७ होती, आणि त्यावरून निश्चित निष्कर्ष काढणे आढावाकारांस शक्य झाले नाही. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील ७५ वर्षांवरील ४६९ वृद्धांच्या पाहणीत, नाचणाऱ्या वृद्धांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. हा निष्कर्ष पुष्कळदा नृत्याने स्मृतिभ्रंश टळतो अशा रूपात सांगितला जातो. वस्तुतः ती निरीक्षणात्मक पाहणी होती. ज्यांची बुद्धी व शरीर आधीच सुस्थितीत आहे तेच नाचू शकतात, हा उलट कार्यकारणभाव तीत पूर्णपणे वगळता येत नाही.

६

या सर्व विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, नृत्य हा एक उपचार नव्हे. ते अनेक उपचारांचे समान नाव आहे. पार्किन्सनग्रस्तास ताल हवा असतो, मनोरुग्णास संबंध हवा असतो, आपुलियातील स्त्रीस दुःखाला रूप व साक्षीदार हवे होते. यांपैकी एकाचा पुरावा दुसऱ्यास लावणे म्हणजे सिडनहॅमच्या कोरियास स्ट्रासबुर्गचा उन्माद समजण्यासारखे होय. दुसरी, उपपत्ती चुकीची असली म्हणून परिणाम खोटा ठरत नाही, आणि परिणाम खरा असला म्हणून उपपत्ती सिद्ध होत नाही. किर्शरने परिणामावरून विष सिद्ध केले, सेराओच्या अनुयायांनी विषाबरोबर परिणामही नाकारला; दोघांचीही चूक एकाच जातीची आहे.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बरे होणे म्हणजे कोणत्या स्थितीत परत जाणे, हा प्रश्न उपचाराच्या इतिहासात टाळता येत नाही. तारांतिझमचे नृत्य सालेन्तोच्या शेतमजूर स्त्रीस पुन्हा कामावर उभे करीत असे, हे त्याचे यश; पण ज्या घरात व ज्या शेतात तिला पहिला दंश झाला तेथेच ते तिला परत पाठवी, ही त्याची मर्यादा. नृत्यास त्याबद्दल दोष देता येणार नाही. मात्र तेवढ्यावरून त्यास पुरेसे औषध म्हणताही येणार नाही.

दे मार्तिनो यांनी पाहिलेला विधी त्यानंतरच्या दशकांत लुप्त झाला. १९९८ पासून सालेन्तोतील मेल्पिन्यानो येथे तारांतेच्या नावाने संगीतोत्सव भरतो, आणि ज्या सुरावटींवर एकेकाळी पीडित स्त्री चादरीवर लोळत असे त्यांवर हजारो निरोगी माणसे आनंदाने नाचतात. नृत्य तेथे आता व्याधीही नाही आणि उपचारही नाही. व्याधी व उपचार हे दोन्ही अर्थ नृत्यात नव्हते, ते नाचणाऱ्यांच्या आयुष्यात होते. आणि म्हणूनच नृत्योपचाराच्या इतिहासकाराने नृत्यापूर्वी रोग्याकडे पाहिले पाहिजे.